टाकीखालची खोली

शामरावनगरात, आमच्या गच्चीवर,
पाण्याच्या काळ्या टाकीखाली
सहा बाय सात.
ताठ उभं राहिलं तर स्लॅब डोक्याला लागतो,
म्हणून आत शिरताना वाकायचंच.
मला आवडतं ते.

आधी टेबल खाली होतं, जिन्याजवळ.
पुरानं नेलं.
भिंतीवर अजून रेघ आहे, माझ्या खांद्याएवढी,
दोनदा रंग दिला तरी मातकट वर येते.
कागदांचा लगदा मी खोऱ्यानं भरला,
त्यात अकरा वर्षांचे हात होते.

हातच काढते मी. दुसरं काही येत नाही.
मिरजेला रात्रपाळीत शिरा शोधायच्या,
टिचकी मारून, चोळून,
"मूठ आवळा मावशी, झालंच" म्हणत,
आणि सकाळी घरी येऊन
तेच हात कोळशानं कागदावर.
फरक एवढाच, इथं सुई नसते.
कुणाला न दुखवता
हात हातात घेता येतो.

खोली मिळवणं सोपं होतं.
राखणं म्हणजे रोजचं भांडण.
पहिल्या दिवाळीनंतर आकाशकंदील आला,
"चार दिवस असू दे गं."
मग कूलर. मग जोंधळ्याचं पोतं.
मग हर्षदची चेन तुटलेली सायकल.
एके दिवशी दार उघडलं तर
लोणच्याची बरणी माझ्या स्टुलावर बसलेली,
डोक्याला फडकं बांधून,
मीच पाहुणी असल्यासारखी बघत.

मी ओरडले नाही.
बरणी उचलली आणि खाली नेऊन
ह्यांच्या टीव्हीसमोर ठेवली, ऐन शेवटच्या षटकात.
तेव्हापासून कडीला कुलूप आहे
आणि किल्ली ओळखपत्राच्या दोरीला.

नियम फार नाहीत.
केरसुणी आधी, कोळसा नंतर.
फोन जिन्यात, चपलांशेजारी.
झडप उघडी ठेवायची,
मागच्या भट्टीतून चुरमुऱ्यांचा भाजका वास येतो.
वर टाकी भरून वाहायला लागली
की समजायचं, वेळ संपली,
मोटार बंद करायला धावायचं.

आणि सुचलं नाही तरी बसायचं.
हा नियम मी मार्चमध्ये केला,
सात नंबरच्या खाटेवरची पोर गेली तेव्हा.
नवव्या वर्षीचा हात,
मनगटावर पेनानं काढलेलं घड्याळ,
त्यात पावणेचार वाजलेले.
तो काही कागदावर येईना.
मी कोऱ्या कागदासमोर रोज
एक संत्रं सोलायची आणि खाली यायची.
ह्यांनी एकदा विचारलं, "काय काढलंस आज?"
म्हटलं, "बिया."

जूनमध्ये सलोमी लोंढे आली.
अतिदक्षता विभागातली, निवृत्तीला आठ महिने उरलेली,
पाळी संपवून तशीच, गणवेशात.
"तुज्याकडं खोली हाय म्हणं. बसू का जरा?"
मी किल्ली दिली.
चहाचंसुद्धा विचारलं नाही.

दोन तास.
टाकी भरली, वाहिली, थांबली.
मी खाली मेथी निवडत, कान वर लावून.
रडण्याचा आवाज नाही. कशाचाच नाही.
मग ती जिना उतरून आली, कपाळ चोळत,
"डोकं आपटलं बघ," म्हणाली, हसली,
आणि बाराच्या बसला गेली.

वर जाऊन पाहिलं.
कागद कोरेच.
पण डब्यातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढलेलं, ब्लेडनं,
बोटाच्या पेराएवढ्या थोटकांनासुद्धा.
आणि सालपटांची पुडी बांधून ठेवलेली,
वॉर्डात गोळ्यांची बांधतो तशी,
चारी कोपरे आत दुमडून.

त्यातलं सगळ्यात थोटकं मी उचललं.
घड्याळापासून सुरुवात करायची हिंमत नव्हती,
अंगठ्यापासून केली.

अंगठा झालाय.
बाकीचा हात वर आहे, कुलपात.
हरभट रोडला दुसरी किल्ली करायला टाकलीय,
बुधवारी देतो म्हणाला.